कुंदाचा अंबाडा

“मान वाकडी करू नगंस. सरळ ऱ्हा. हां, आता घाल हात डोक्यावरनं.”

वैजूने हात घातला. उजवा हात डोक्यावरून पलीकडे गेला, बोटं डाव्या कानाच्या वर केसांत चाचपडली आणि तिथेच अडली. कान अजून बोटभर लांब होता.

“आई, हात दुखतोय.”

“दुखू दे. आनखी एकदा.”

परसात, न्हाणीच्या आडोशाला आम्हा मायलेकींचा हा उद्योग रोज चालायचा. मी तेलाची वाटी घेऊन बसायची. खांद्यापासून बोटांपर्यंत तिचा हात चोळायचा, हलकेच ओढायचा, की परत डोक्यावरून घालायला लावायचा. चोळून हात लांब होतो असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण आम्ही कासार. बायकांचे हात चोळून-दाबून, मोठ्या हातात लहान मापाची बांगडी चढवण्यात आमचा जन्म गेलेला. हाड एवढं आवळतं तर थोडं लांबेलही, असं माझं आपलं गणित.

तेव्हा आमच्या गावात पोरांच्या जन्मतारखा लिहून ठेवायची पद्धत नव्हती. जूनमध्ये शाळा उघडली की आया पोरांना घेऊन हेडगुरुजींपुढे उभ्या राहायच्या. गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घाल आणि डावा कान धर. कान हातात आला की पोर शाळेजोगं झालं. मग रजिस्टरात नाव चढायचं आणि जन्मतारीख म्हणून एक जून. आमचं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. कान हाताला लागला नाही तर गुरुजी गालावर टिचकी मारून म्हणायचे, “भरपूर भाकरी खा आणि पुढच्या वर्षी ये.”

मला पुढचं वर्ष नको होतं. वैजूचं नाव ह्याच वर्षी शाळेत घालायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

“मोठ्याई, माजा पोचतोय.”

मी दचकून वळले. परसाच्या दारात कुंदा उभी होती, माझ्या धाकट्या जावेची, शालनची मुलगी. फ्रॉकची एक बाही खाली घसरलेली, केस मोकळे. उजवा हात डोक्यावरून घालून तिने डावा कान पाळीसकट मुठीत धरला होता आणि माझ्याकडे बघून हसत होती. माझ्या वैजूपेक्षा सात महिन्यांनी लहान.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. “जा,” मी म्हटलं, “तुजी आई कुठं हाय ती बघ जा.”

तिने कान सोडला आणि ती गेली.

आता खरं सांगायचं तर ही आग काही त्या दिवसाची नव्हती. मला लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. उपास झाले, नवस झाले, सासूबाईंचे टोमणे झाले. दीर धाकटे, त्यांचं लग्न उशिरा झालं. शालन घरात आली आणि मला दिवस गेले. घरात सगळे म्हणाले, नव्या सुनेचा पायगुण. आठ वर्षं उपास मी केले आणि पायगुण तिचा! चैत्रात वैजू झाली. दिवाळी झाल्यावर कुंदा झाली. मला ज्यासाठी आठ वर्षं लागली, ते तिला दीड वर्षात मिळालं.

शालन सातवी शिकलेली होती. मी दुसरीतून उठले होते. गल्लीतली पत्रं तिच्याकडे वाचायला यायची. पण ते एक वेळ मी पचवलं असतं. बांगड्या भरणं तर माझं होतं! मला सासूबाईंनी शिकवलं होतं, आणि शालनला मी. चार महिन्यांत काय झालं कळलं नाही, बायका दुकानात यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि मला म्हणायच्या, “धाकली कुठाय वं? तिच्या हातानं भरायच्यात.” तिच्या हातून बांगडी अशी सरकायची की बाईला कळायचंसुद्धा नाही. एकही बांगडी वाढायची नाही. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझ्या हातून डझनात एखादी वाढायचीच.

ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण ती मला ‘आक्का’ म्हणायची, माझ्या आधी कधी जेवायला बसायची नाही, आणि वैजूला गोवर आला तेव्हा माझ्याबरोबर जागली होती. त्यामुळे माझ्या पोटात जे दुखायचं ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

त्या गोवराने वैजू मागे पडली. हडकुळी, भित्री, सारखी माझ्या पदराला. कुंदा चौथ्या वर्षीच ओट्यावर उभी राहून वार म्हणायची, शंभरापर्यंत आकडे म्हणायची, आणि बायका तिच्या हातावर खारीक ठेवायच्या. मग हमखास एखादी विचारायची, “ह्यातली थोरली कोंची वं?”

“ही,” मी वैजूला पुढे ढकलायची.

“अगं बया!”

एवढंच म्हणायच्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला! दोन पोरी शेजारी उभ्या होत्या, ज्याला डोळे होते त्याला दिसत होतं. पण ते ‘अगं बया’ माझ्या काळजात दिवसभर टोचत राहायचं. म्हणूनच मला वैजू ह्या वर्षी शाळेत हवी होती, आणि कुंदा तिच्या वर्गात नको होती. दोघी एका वर्गात बसल्या असत्या तर सगळ्या शाळेने रोज ‘अगं बया’ म्हटलं असतं.

सकाळी सोप्यात बसून मी वैजूची वेणी घालायची. कुंदा समोरच्या खांबाला टेकून बघत राहायची. शालन उजाडल्यापासून दुकानात, त्यामुळे कुंदाचे केस दुपारपर्यंत तसेच पिंजारलेले असायचे. कधी कधी ती स्वतःची फणी हातात घेऊन सरकत सरकत जवळ यायची. काही मागायची नाही. फणी मांडीवर धरून बसायची नुसती.

“तुज्या आईला सांग,” मी म्हणायची.

मे महिन्यात एकदा आम्ही दोघी जावा दुकानात नव्या मालाचे डझन बांधत बसलो होतो. शालनने दोऱ्याची गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाली, “आक्का, एक बोलू? राग मानू नगासा.”

“बोल की.”

“वैजूला औंदा ऱ्हाऊ द्यावं का? अजून कवळी हाय वं. परवा त्या पाटलीनबाईनी नुसतं नाव इचारलं तर रडली. शाळंत कसं व्हायचं?”

मी हातातला दोरा करकचून आवळला. ती घाईने पुढे म्हणाली, “मी बी कुंदाला थांबवते. फुडल्या साली दोघी मिळून जातील. एकीला एक सोबत हुईल.”

कुणी दुसरीने ऐकलं असतं तर तिची दृष्ट काढली असती. मला मात्र त्यात एकच ऐकू आलं. माझी पोर कच्ची आहे, हे हिला ठाऊक आहे, आणि ही स्वतःची पोर माझ्यासाठी थांबवायला निघाली आहे. म्हणजे आता वैजूची शाळासुद्धा हिच्या मेहेरबानीवर!

“तुजी पोरगी माज्या पोरीपायी कशापायी थांबंल?” मी म्हटलं. “हुशार हाय, घाल की शाळंत. आमचं आमी बघतो.”

“तसं न्हाई वं आक्का...”

“डझन बांध. माल तसाच पडलाय.”

देव द्यायला आला होता आणि मी दार लावून घेतलं. पुढे तीच गोष्ट मी चोरून घेतली, तीही उलटी करून.

कसं सुचलं तेही सांगते. एका सकाळी वैजूला न्हाऊ घातलं आणि ओल्या केसांनीच हात घालायला लावला. बोटं जवळजवळ कानाला लागली. मी परत बघितलं. केस ओले होते, डोक्याला चपट बसले होते, म्हणून हात तेवढा पलीकडे गेला होता. बोटभराचं अंतर अर्ध्या नखावर आलं होतं. मी हरखले. आणि हरखले असतानाच दुसरा विचार आला. केस चपट बसले की हात पोचतो. मग केस उंच बांधले तर?

तो विचार मी लगेच झटकला, असं म्हटलं तर बरं दिसेल. पण मी तो झटकला नाही. नीट घडी करून ठेवून दिला.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी दोन बैलगाड्या भरून वाडीचं वऱ्हाड दारात उतरलं. नवरी, करवल्या, आत्या, मावश्या. सगळ्यांना बांगड्या भरायच्या होत्या. नवरीची आत्या ओट्यावर बसता बसता म्हणाली, “धाकलीच्याच हातानं हां! दुसऱ्या कुणाचा हात नगं.”

‘दुसरं कुणी’ तिथेच उभं होतं.

शालन आत आली. “आक्का, माजी तर आता दुपार हुईल. कुंदालाबी तुमच्यासंगं नेतासा? पाटी-पेन्शील पिशवीत घातलीया. तेवढी वेणी...”

“मी घालते,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे चमकून बघितलं. कुंदाच्या डोक्याला मी कधी हात लावला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. मग ती हसली, एवढी मनापासून की मला मान फिरवावी लागली.

आधी वैजूला बसवलं. केस ओले केले, वर तेल चोपडलं, मधोमध भांग पाडला आणि मानेपाशी दोन घट्ट शेपट्या घातल्या. डोकं गोट्यासारखं गुळगुळीत झालं. मग हाक मारली, “ये गं कुंदे.”

ती खांबापाशीच होती. फणी हातात होतीच. माझ्यापुढे पाठ करून बसली आणि इतकी गप्प बसली की मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिचे केस दाट, अगदी मुठीत न मावणारे. मी ते सगळे वर ओढून ऐन टाळूवर घेतले. मग उठून ट्रंकेतून माझं गंगावन काढलं, लग्नात माझ्या अंबाड्याला जोडलेला केसांचा लांब झुबका. तो तिच्या केसांत गुंफला आणि पीळ देऊन देऊन डोक्यावर हा एवढा अंबाडा रचला. आकडे खोचले. भोवती अबोलीचा गजरा, त्याच्यावर तांबडी रिबीन.

मध्येच एकदा तिने डोकं हळूच मागे कलवलं आणि माझ्या गुडघ्याला टेकवलं. मी गुडघा बाजूला घेतला.

झाल्यावर तिला आरसा दिला. ती बघतच राहिली. “मोठ्याई, ह्यो माजाच हाय?”

“तुजाच. आता त्येला हात लावू नगंस, मोडंल.”

“न्हाई मोडायची,” ती म्हणाली.

शाळेपर्यंत ती मान ताठ ठेवून चालली, डोक्यावर भरलेली घागर असल्यागत. वैजू माझा पदर चावत होती.

हेडगुरुजी वऱ्हांड्यात टेबल मांडून बसले होते. पुढे दहा-बारा पोरं. आमची पाळी आली तशी मी वैजूला पुढे केलं. तिचा हात डोक्यावर चढला आणि शिकवल्याप्रमाणे तिने मान हळूच तिरपी केली.

“मान सरळ, बाळ.”

तिने मान सरळ केली. तेलकट केसांवरून बोटं घसरत गेली आणि मधल्या बोटाचं टोक कानाच्या वरच्या कडेला लागलं. अगदी टोकच.

“लागला!” मी ओरडले.

गुरुजी हसले. “बाई, कान तिला धरायचाय, तुम्हाला नाही. पण लागला खरा.” आणि त्यांनी दौतीत टाक बुडवला. वैजयंता हे नाव रजिस्टरात उतरताना मी बघितलं. मला धड वाचता येत नव्हतं, तरी बघितलं.

“आता ही. अरे वा, केवढा हा अंबाडा! शाळेला आलीस का लग्नाला?”

कुंदा लाजली. गुरुजींनी सांगितलं तसा तिने उजवा हात वर उचलला. आरतीच्या ताटावरून हात फिरवावा तसा तो अंबाड्यावरून अलगद, अधांतरी पलीकडे गेला. थांबला.

“आणखी जरा.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी दौतीकडे बघत होते.

“आणखी. शाबास. नाही पोचत?” गुरुजींनी टाक खाली ठेवला. “बाई, तो अंबाडाच मध्ये येतोय. सोडा बघू तो जरा.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी पुढे वाकले. तेवढ्यात कुंदाने दोन्ही हातांनी अंबाडा झाकला आणि किंचाळली, “नगं! सोडायचा न्हाई!”

“अगं, परत बांधतील.”

“नगं!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळी पोरं हसली. गुरुजीही हसले. “बरं बाई, नको सोडू. तशीच एकदा बघ.”

तिने तसंच एकदा बघितलं. हात तसाच अधांतरी थांबला. पोरीची नटायची हौसच माझ्या मदतीला धावली, असं मला वाटलं. देवसुद्धा माझ्या बाजूला आहे म्हणायचा!

“जन्म कधीचा हिचा?” गुरुजींनी विचारलं.

“दिवाळीनंतरचा,” मी म्हणाले. त्या दिवशी खरं बोलले ते एवढंच.

“मग वय तरी कुठे झालंय? पुढच्या वर्षी ये हं बाळ.”

“फुडल्या साली म्हंजी किती दिस?” कुंदाने विचारलं.

“तीनशे पासष्ट.”

तिने बोटं मोडून बघितली आणि म्हणाली, “मला शंभरपतोरच येतंय.”

गुरुजींचं हसू जरासं ओसरलं. मी वैजूची बोटं माझ्या पदरातून एक एक करून सोडवत होते. तिने वऱ्हांडाभर आकांत मांडला होता. मी तिला वर्गात ढकललं, दार ओढून घेतलं आणि कुंदाला घेऊन घरी निघाले. बोळाच्या टोकापर्यंत वैजूचं रडणं ऐकू येत होतं.

“मी बसू तिच्यापाशी?” कुंदाने विचारलं.

“तुजं नाव न्हाई घातलं. चल.”

दुकानात अजून वऱ्हाड होतं. शालन एका करवलीचा हात धरून बसली होती. आम्हाला बघून तिने तोंडभर हसून विचारलं, “झालं?”

“वैजूचं घातलं. कुंदाचा हात पोचला न्हाई,” मी सांगितलं.

“असं कसं? रोज तर...” आणि तिचं लक्ष कुंदाच्या डोक्याकडे गेलं. ती बघत राहिली. अंबाडा, गजरा, आणि गजऱ्यातून डोकावणारं गंगावन. मग वैजू नसली तरी वैजूच्या डोक्याला चोपडलेल्या तेलाचे डाग माझ्या पदरावर होते, ते तिने बघितले. शेवटी माझ्याकडे बघितलं. कट्कन आवाज झाला. करवलीच्या मनगटावर बांगडी वाढली होती. शालनच्या हातून वाढलेली मी बघितलेली ती एकच बांगडी.

संध्याकाळी शालनने अंबाडा सोडायला घेतला तेव्हा कुंदा हमसून हमसून रडली. शाळेत नाव नाही घातलं म्हणून दिवसभर रडली नव्हती ती. मी चुलीपुढे बसून ऐकत होते. थोड्या वेळाने शालन आत आली. गंगावन तिने नीट विंचरून, गुंडाळून आणलं होतं. ते माझ्याजवळ पाटावर ठेवून म्हणाली, “आक्का, तुमचं गंगावन.”

त्याच्यापुढे एक शब्द नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे चाळीस वर्षांत नाही. ती जाईपर्यंत मला ‘आक्का’च म्हणत राहिली. चार लोकांत माझी अब्रू काढली असती तरी चाललं असतं, असं मला कितीतरी वेळा वाटलं.

वैजूची शाळा कशी झाली ते एका दमात सांगते, कारण सांगताना अजून त्रास होतो. ती रोज रडली. नाव पुकारलं की कापायची. भाद्रपदात तिने भर वर्गात फ्रॉक ओला केला आणि पोरांनी तिला त्यावरून नाव पाडलं. दिवाळीनंतर हेडगुरुजी स्वतः घरी आले. “बाई, चूक माझी. नुसता कान बघितला मी,” ते म्हणाले. “हिला पुढच्या वर्षी पाठवा. त्या दुसरीला सोबत घेऊन.”

पुढच्या जूनमध्ये दोघी हातात हात घालून पहिलीत गेल्या. शालन म्हणाली होती तसंच झालं, फक्त एक फरक पडला होता. वैजू शाळेला भ्यायला शिकून गेली. कुंदा तिच्याजवळ बसायची, तिची पाटी पुसून द्यायची, तिच्या वतीने भांडायची. तरी सातवीच्या पुढे वैजू गेली नाही. तिचा संसार चांगला झाला, मला कधी बोल लावला नाही तिने. पण अजूनही कुठल्या कचेरीत नाव पुकारलं की तिचा हात माझा पदर शोधतो. मी बघितलंय.

कुंदा शिक्षिका झाली. परवा मे महिन्यात हेडबाई म्हणून निवृत्त झाली आणि चार दिवस माझ्याकडे राहायला आली, नातीला घेऊन. मी आता चौऱ्याऐंशीची. हात वर जात नाहीत, वेणी घालता येत नाही. सकाळी कुंदा खुर्चीवर बसली, मला पुढ्यात पाटावर बसवलं आणि माझे केस विंचरायला घेतले.

नात समोर खेळत होती. “हिची आई रुसून बसलीय,” कुंदा सांगत होती. “शाळेच्या नियमाला हिचं वय अठरा दिवसांनी कमी पडतंय. मी म्हटलं, राहू दे की वर्षभर घरी, काय बिघडतंय! आमच्या वेळी बरं होतं, नाही गं मोठ्याई? ए पिल्लू, इकडे बघ. असा हात डोक्यावरून घाल. धर कान.”

पोरीने हात घातला आणि कान धरला, पाळीसकट. आमच्याकडे बघून हसली.

मला राहवेना. मी म्हणाले, “कुंदे, त्या दिवशी अंबाडा मी मुद्दाम घातला हुता. तुजा हात पोचू नये म्हणून.”

फणी थांबली. मग परत चालू लागली.

“पोचला होता की,” ती म्हणाली.

“काय?”

“हात. पहिल्यांदाच पोचला होता. बोटं कानाच्या नखभर वर आली होती माझी. पण कान धरायचा म्हणजे हात खाली दाबायला लागणार, आणि दाबला की अंबाडा मोडणार. तूच म्हणाली होतीस, मोडंल.”

“अगं पण शाळा...”

“शाळा काय, पुढच्या वर्षी होतीच.” ती हसली. “तू परत कधी घालशील, ह्याचा काही भरवसा होता का?”

मी परत कधीच घातला नव्हता.

तिने माझे चार केस गोळा केले, पीळ दिला, आकडा खोचला. “झालं बघ,” म्हणाली. पण मी उठले नाही. डोकं हळूच मागे नेलं आणि तिच्या गुडघ्याला टेकवलं.

तिने गुडघा बाजूला घेतला नाही.